मेळाव्याला बोलावता, पण केस घेता का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या अंकात महिला मेळाव्यांना तृतीयपंथीयांना कशाला बोलावता अशा अर्थाचं एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्या बाई चळवळीतल्याच दिसतात आणि त्यांनी कुठे शिवीगाळ केलेली नाही म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं (फेसबुकवर या विषयावर जे चालतं त्याच्या नादी मी लागत नाही). त्यांचं म्हणणं असं की पाळी, बाळंतपण, लहानपणापासूनची बोलणी आणि बंधनं हे सगळं आम्ही भोगलंय, जिने भोगलं नाही तिने आमच्या व्यासपीठावरून आमच्या वतीने बोलू नये, आणि आता तर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही कायद्यात स्त्री म्हणजे जन्माने स्त्री असंच सांगितलंय.

ब्रिटनचं आधी उरकते. १६ एप्रिल २०२५ चा तो निकाल त्यांच्या २०१० च्या समानता कायद्याबद्दल आहे, वाद सुरू झाला होता स्कॉटलंडमधल्या सरकारी मंडळांवर बायका किती असाव्यात यावरून. ट्रान्स लोकांना (म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी आहे, जसं मुलगा म्हणून जन्मलेली ट्रान्स बाई) भेदभावापासून असलेलं संरक्षण कायम आहे असंही त्याच निकालात म्हटलंय, ते वाक्य बाईंच्या पत्रात नव्हतं. आपल्याकडे नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) केसचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा, त्यात आपल्या ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी कोर्टासमोर होत्या, आणि स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क त्यात सुप्रीम कोर्टाने मान्य केला. मग दाखला द्यायला लंडनपर्यंत कशाला जायचं.

जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक घ्या. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर फॉर्म भरला, तो अधिकाऱ्याने बाद केला कारण काय तर तुम्ही तृतीयपंथी. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्या. रवींद्र घुगे यांनी फॉर्म स्वीकारायला लावला, पुढे फायद्यासाठी पुन्हा पुरुष म्हणून मिरवणार नाही असं त्यांच्याकडून वदवूनही घेतलं, आणि मग त्या निवडून आल्या. गावातल्या लोकांनी मतं दिली हो, ज्यांना आपण शहरात बसून मागासलेले म्हणतो त्यांनी. आमच्या शहरी संघटना अजून ८ मार्चच्या कार्यक्रमाला कुणाला खुर्ची द्यायची यावर मीटिंगा घेतायत. आणि हा वाद काही काल सुरू झालेला नाही, २००६ ला कोलकात्यात स्वायत्त महिला चळवळीची राष्ट्रीय परिषद भरली तेव्हाही यावर चर्चा झाली होती, म्हणजे तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदान करतात.

अनुभव वेगळा आहे हे बाईंचं म्हणणं खोटं नाही, आहेच वेगळा. पण माझा आणि ऊसतोड करणाऱ्या बाईचा अनुभव तरी कुठे एक आहे? ज्यांना मूल झालं नाही, ज्यांना पाळीच कधी आली नाही अशा बायका संघटनेत नाहीत का? पात्रता तपासून आत घ्यायची पद्धत हळदीकुंकवाची, तिथे विधवेला बोलावत नव्हते, आणि त्याविरुद्ध बोंब कुणी मारली तर आपणच. कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथाबंदीचा ठराव केला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना. बोलायचंच झालं तर ट्रान्स बाईने बाळंतपणावर भाषण द्यावं असं कुणीच म्हणत नाहीये, तिने तिचं सांगावं. चौदा-पंधराव्या वर्षी 'बायल्या' म्हणून घरातून मार खाऊन बाहेर पडलेल्या पोरीला मुलगा म्हणून जन्मल्याचे कोणते लाड मिळाले हे मला खरंच समजून घ्यायचंय.

पण माझा खरा मुद्दा खुर्चीचा नाहीच. मी बरीच वर्षं एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते आणि मला वाटतं की मेळाव्याला ट्रान्स बाईला बोलावून शाल-नारळ देणं हे सोपं काम आहे, नवऱ्याने मारलं म्हणून ती केंद्रावर आली की तिची फाईल उघडायची का हा अवघड प्रश्न. बहुतेक ठिकाणी 'तुमच्यासाठी वेगळी संस्था आहे, तिकडे जा' असं सांगून वाटेला लावतात, आमच्याकडेही यावर भांडणं झालीयत. कायद्याचं म्हणाल तर बारामतीच्या एका केसमध्ये कोर्टाने ट्रान्स पत्नीला महिना १२ हजार पोटगी दिली होती, नवरा हायकोर्टात गेला की ही बाईच नाही म्हणून, आणि न्या. अमित बोरकर यांनी मार्च २०२३ मध्ये सांगितलं की शस्त्रक्रिया करून घेतलेली ट्रान्स स्त्री घरगुती हिंसाचार कायद्याखाली दाद मागू शकते. आता यात शस्त्रक्रियेची अट मला खटकते, कारण तो खर्च किती जणींना झेपतो, आणि मारणारा नवरा आधी सर्टिफिकेट बघून मारत नाही. पण निकाल आहे, तो वापरायला काय हरकत आहे?

त्याहून वाईट म्हणजे बलात्काराचं. बाईवर झाला तर भारतीय न्याय संहितेत कमीत कमी १० वर्षं. ट्रान्स व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात सहा महिने ते जास्तीत जास्त २ वर्षं. पूर्वी जुन्या दंडविधानातलं ३७७ कलम (अनैसर्गिक संभोगाचं) तरी लावता यायचं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली आणि त्यात ते कलमच गेलं, बदल्यात काही आणलं नाही. म्हणजे पोलीस स्टेशनला तिला 'बाई' मानलं तर एक शिक्षा आणि नाही मानलं तर दुसरी, आणि मानायचं की नाही हे ठरवणार कोण तर ड्युटीवरचा साहेब.

ज्या चळवळीला जोरच मथुरा केसने आला तिला हे दिसू नये याचं मला नवल वाटतं. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ ला मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, हिला शरीरसंबंधाची सवयच होती असं म्हणून सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली ती सुप्रीम कोर्टाने पुन्हा रद्द केली, मग १९७९ साली वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, उपेंद्र बक्षी यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. ती आपल्यासारखी आहे का, आपल्या घरातली वाटते का, हे तपासून कुणी मोर्चाला निघालं नव्हतं. सिग्नलवर पैसे मागणाऱ्या ट्रान्स बाईबद्दल 'तिला काय, सवयच असते' हे वाक्य मी पोलीस चौकीत स्वतः ऐकलंय आणि लाज वाटते सांगायला, पण आपल्या एका कार्यकर्तीच्या तोंडूनही.

भीतीचं म्हणाल तर ती मी उडवून लावत नाही. निवारागृहात नुकतीच जिवानिशी सुटून आलेली बाई असते, ती कुठल्याही अनोळखी माणसाला बिचकते, तिथे खोली कुणाला कुठली द्यायची हे जपूनच ठरवावं लागतं, आणि एखादीला बंद दाराआड चार जणींतच बोलायचं असेल तर तेही तिला मिळायला हवं. पण ते आम्ही आजही बघतोच, दारुड्या सुनेला, मारकुट्या सासूलाही नियम लावतोच की. त्यासाठी अख्ख्या जमातीला दाराबाहेर ठेवायची गरज मला तरी कधी पडली नाही.

आमच्या इथल्या आम्ही काही जणी मिळून लैंगिक अत्याचाराच्या शिक्षेतल्या या फरकाबद्दल मुख्यमंत्री आणि महिला आयोगाला द्यायचं निवेदन तयार करतोय, मसुदा झालाय, सह्या जमवणं चालू आहे. पत्रलेखिका बाईंनी मेळाव्याच्या खुर्चीचा वाद जरा बाजूला ठेवून यावर सही करावी, कारण या फरकाबद्दल त्यांचंही मत वेगळं असेल असं मला वाटत नाही. आणि संपादकसाहेब, तुम्ही शिक्षेची ही दोन्ही कलमं शेजारी शेजारी छापलीत तर आमचं निम्मं काम होईल.

आपली,
एक वाचक, नाशिक