शिकाऊ उमेदवारी कागदावर हवी

मा. संपादक,

दहावी किंवा आयटीआय झालेली खानापूर, येळ्ळूर, किणये भागातली कितीतरी मुले रोज डबा घेऊन बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांत जातात. 'ट्रेनी म्हणून घेतलंय' एवढ्यावर घरचे खूश असतात. माझा पुतण्या असाच लागला. वर्ष सरत आले तरी लेथ यंत्राखालचा लोखंडी कीस झाडणे आणि जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, उचलून देणे एवढेच त्याच्या वाट्याला आले. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचे साधन, हातात मिळाला तो सुट्टीवर गेलेल्या ऑपरेटरच्या जागी. कामाला मी हलके म्हणत नाही, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार लागतो, त्याची सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते आणि दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला शिकाऊ घेणे बंधनकारकच आहे. विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार सोसते, म्हणजे सगळा बोजा मालकावर नाही. मुदत संपल्यावर परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. रेल्वेसारख्या भरतीत ते उपयोगी पडते. नोंदणी नसेल तर यातले काहीच हाती लागत नाही.

आमच्या मराठी शाळांतून हे कुणी सांगत नाही. निकालानंतर सत्कार होतात, वह्या वाटल्या जातात. त्याच दिवशी युवक मंडळांनी एखाद्या आयटीआय शिक्षकाला बोलवावे आणि मुलांची पोर्टलवर नोंदणी तिथेच करून द्यावी. पालकांनीही पहिल्या दिवशीच कराराची प्रत मागावी.

– एक पालक, खानापूर