किती फुटांवरून?

डोंबिवली
रविवार, रात्री साडेदहा

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी दुपारी ‘पोचले’ एवढा एक शब्द आला, त्यानंतर काही नाही. फोटो काढायला गेलीस तिथं, इम्फाळला, रेंज जाते-येते हे तू आधीच सांगून ठेवलं होतंस, म्हणून मी फोन करत नाहीये. आईनं चार वेळा केला, ते तुला दिसेलच.

बुधवारच्या रात्रीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. प्रदर्शनाबद्दल लिहितो. फ्रिजवर चिठ्ठी लावून गेलीस ना, ‘भांडण झालं असलं तरी दोघांनी जायचं’, म्हणून आज शेवटच्या दिवशी गेलो. सीएसएमटीला उतरून फोर्टात चालत. आईच्या गुडघ्यानं जाताना साथ दिली, येताना टॅक्सी केली.

बक्षीस मिळालेले प्रेस फोटो बघायला रविवारी कोण येणार असं मला वाटलं होतं, तर बाहेर रांग. कॉलेजची पोरं फोटोंपुढे उभं राहून स्वतःचे फोटो काढत होती, ते काही मला आवडलं नाही. पण नंतर त्यातलीच एक मुलगी कोपऱ्यात डोळे पुसताना दिसली, तेव्हा गप्प बसलो. मी सवयीनं खिशातलं भिंग काढून एका फोटोला नाक लावलं, ठिपके बघायला. वॉचमन धावत आला, “काका, लांबून बघा.” आता त्याला काय सांगू! पेपरच्या छापखान्यात ३४ वर्षं हेच केलं. ६५ची स्क्रीन, म्हणजे इंचाला ६५ ओळींची जाळी लावायची, फोटोचे ठिपके करायचे, कारण न्यूजप्रिंट शाई पितो, त्याहून बारीक लावली की सगळा चिखल. ऑफसेट आल्यावर ८५ झाली. या फोटोंना तसे ठिपकेच नाहीत. गुळगुळीत.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांना अजून कळते. फोटो किती जवळून काढलाय ते. पुढे आलेला हात चेहऱ्याहून मोठा, कडेची माणसं ताणलेली, म्हणजे वाइड लेन्स, म्हणजे काढणारा चार-सहा फुटांवर. मागचं-पुढचं एकमेकांना चिकटलेलं, म्हणजे टेली, लांबून. खालच्या पाटीवर कोण, कुठं, कधी सगळं असतं, हे एक नसतं. मी प्रत्येक फोटोपुढे उभा राहून फूट मोजत होतो. फोटो बघितलेच नाहीत म्हण ना.

जुन्या फोटोंत अर्को दत्ताचा तो होता, रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी काढलेला. सुनामीनंतर, २८ डिसेंबर २००४, तामिळनाडूत कडलूरला. वर्ल्ड प्रेस फोटो म्हणून जगभरच्या बातमीच्या फोटोंची स्पर्धा असते, तिच्यात त्या वर्षी पहिला. वाळूत पालथी पडलेली बाई, तळवे आभाळाकडे, आणि अगदी कडेला मेलेल्या माणसाचा नुसता हात. आमच्याकडच्या उपसंपादकांनी कॉलमात बसवायला म्हणून पहिला तो हात छाटला असता, पैजेवर सांगतो. आणि फोटोतून माणूसच गेला असता.

मग महमूद अज्जूर. तू म्हणाली होतीस, आईला तयार करून तिथं ने. मी विसरलो. गाझाचा ९ वर्षांचा मुलगा, दोन्ही हात नाहीत, खिडकीचा उजेड एका बाजूनं. २०२५ साली ५९,३२० फोटोंतून हा पहिला आला. ना आग, ना धूर. पाटीवर लिहिलेलं मी आईला मराठीत सांगितलं: हात गेल्याचं कळल्यावर त्यानं आईला पहिलं हेच विचारलं, की आता तुला मिठी कशी मारू? आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “याला जेवू कोण घालतं?” मी म्हटलं, पायानं लिहायला, दारं उघडायला शिकतोय म्हणे. मग तिनं विचारलं, फोटो काढणारा कोण. मी म्हटलं, बाई आहे, समर अबू इलूफ, तीही गाझाचीच, तिथून बाहेर पडली, दोहाला त्या मुलाच्याच संकुलात राहते म्हणे. आई लगेच, “आणि तिची आई कुठं असते?”

मला उत्तर माहीत नव्हतं.

हाही फोटो जवळूनच काढलेला होता. शेजारीण दारात उभी राहून बोलते तेवढ्या अंतरावरून. तिथं मी मोजायचं थांबलो.

परत येताना गाडीत जागा मिळाली, आई खिडकीशी. मला २६ जुलै आठवत होता. २००५चा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मी रात्रभर दादरला अडकलो. दुसऱ्या दिवशी रुळांवरून, मिळेल त्या ट्रकमधून, कमरेएवढ्या पाण्यातून दुपारी घरी पोचलो. तू नऊ वर्षांची. जिन्याच्या तोंडाशी उभी होतीस, गळ्यात दादाचा जुना रोलचा कॅमेरा. मी हात पसरले आणि तू आधी कॅमेरा डोळ्याला लावलास. आधी क्लिक, मग मिठी. तो फोटो माझ्या पाकिटात आहे, हललेला, अर्ध्या भागात जिन्याचा कठडा. शालूमावशी तेव्हा म्हणाली होती, ही पोरगी विचित्र आहे. मी म्हटलं, हिची नजर आहे. सगळ्या प्रेसला दाखवत हिंडलो तो फोटो. तेव्हा कुठं कळलं होतं.

बरं, बुधवारचं लिहायचं नव्हतं, पण आलंच. ‘लग्नाचे फोटो काढ, पैसे तरी मिळतील’ हे मी बोललो ते चुकलं. ‘आग दिसली की तू पळतेस’ हेही. तू दारात बूट घालताना म्हणालीस, “बाबा, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांनी आणलेले फोटो छापलेत. ती किती जवळ गेली होती, तेव्हा नाही विचारलंत.” आणि मी दार लावून घेतलं. लिफ्ट खाली जाईपर्यंत आतच उभा होतो.

खरं आहे तुझं. १९८४च्या डिसेंबरात भोपाळच्या वायुगळतीचे फोटो आले तेव्हा मी नवा होतो. पाब्लो बार्थोलोम्यूचा तो फोटो, मातीत पुरताना दिसणारा मुलाचा चेहरा, त्या वर्षी वर्ल्ड प्रेसमध्ये पहिला आला, हे मला खूप नंतर कळलं. आमच्या टेबलावर आलेले वेगळे होते, पण मुलं त्यातही होती. भिंगाखाली प्रत्येक ठिपका तपासला, डोळ्याच्या जागी काळं भरू दिलं नाही. साहेब म्हणाले, छपाईची प्लेट छान आलीय. मी दोन दिवस जेवलो नाही. पण हे काढणारा तिथं कुठल्या हवेत उभा होता, हा विचार डोक्यात आलाच नाही. तोही कोणाचा तरी मुलगा होता.

२००८च्या हल्ल्यात प्रेस फोटोग्राफर सेबॅस्टियन डिसोझा ऑफिसमधून धावत सीएसटीत शिरला, कसाबचा फोटो काढला, पुढे कोर्टात साक्ष दिली. त्याचं मी तुझ्यापुढे किती कौतुक केलं होतं! तू बारा वर्षांची होतीस, तोंड उघडं ठेवून ऐकत होतीस. म्हणजे हे वेड मीच लावलं, आई म्हणते ते बरोबरच आहे.

आणि रॉयटर्सचा फोटोग्राफर दानिश सिद्दीकी. हे नाव घ्यायचं नाही असंही ठरवलं होतं. १६ जुलै २०२१ला, अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला गोळीबारात तो गेल्याची बातमी लागली तेव्हा मी टीव्ही बंद केला. आईनं विचारलं, का बंद केला, तर म्हटलं, डोळे दुखतायत. पुढच्या वर्षी पुलित्झर, पत्रकारितेतलं ते मोठं बक्षीस, मिळालं, करोनातल्या फोटोंसाठी, बाकी तिघांबरोबर. आधी एकदा मिळालं होतंच. तू त्या दिवशी पेढे आणले होतेस आणि मला तो पेढा गिळेना, हे तुला तेव्हा सांगितलं नाही.

म्हणून म्हणतो, बुलेटप्रूफ जाकीट अंगात ठेव, नुसतं गाडीत ठेवू नकोस. संध्याकाळनंतर निघू नकोस. तिथल्या ड्रायव्हरचं ऐक, तो परत फिरू म्हणाला की परत फिर, वाद घालू नकोस. सत्तर-दोनशे लेन्स एवढी कर्ज काढून घेतलीस, ती वापर की. लांबून फोटो येत नाही असं थोडंच आहे? तुम्हा लोकांना वाटतं, जवळ गेलं की फोटो खरा होतो. मी हजारो फोटो बघितलेत, जवळून काढलेले कितीतरी टाकून दिलेत. आणि…

झालं सुरू माझं. माफ कर. माझं शिक्षण अकरावीपर्यंतचं, तू मला लेन्स शिकवायची की मी तुला.

पत्राची चारही पानं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोय, रेंज येईल तेव्हा उघड. हललेली असतील.

तुझा
बाबा

ता. क. आईनं लसणाची चटणी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलीय. तेल सुटलं असेल, लेन्सपासून लांब ठेव. आणि फोटो पाठवशील त्याच्याखाली किती फुटांवरून काढला ते लिही. खोटं लिहू नकोस, मला लेन्सवरून कळतं.