तुझी कथा वाचली, पान नऊवर अडकलोय

प्रिय संज्या,

तुझी पीडीएफ परवाच वाचली, काल रात्री परत वाचली, आणि व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठा टाकून मोकळं व्हावंसं वाटेना म्हणून हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी भांडण. तुझे वडील, आपले तात्या, अजून धडधाकट आहेत, रोज दोन किलोमीटर चालतात, आणि तू त्यांना बाराव्या पानावर मारून टाकलंस? बरं मारलंस ते मारलंस, पण पहिल्या पानावर त्यांचा जन्म, तिसऱ्यावर एसटीत कंडक्टर, पाचव्यावर लग्न, सातव्यावर संप, दहाव्यावर रिटायरमेंट. मी बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला असंच काहीतरी पाठवलं होतं, तेव्हा संपादकांनी एका ओळीत परत केलं होतं की ही कथा नाही, कादंबरीचा गोषवारा आहे. महिनाभर राग होता माझ्या डोक्यात. आता वाटतं बरोबरच होतं त्यांचं.

तू म्हणशील लघुकथा म्हणजे छोटी, म्हणून आवरतं घेतलं. तिथंच घोळ आहे रे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 ला करमणूक साप्ताहिक काढलं, त्यात ते लिहायचे त्याला नाव होतं स्फुट गोष्टी, पुढे लघुकथा म्हणायला लागले, आणि मग हळूहळू ते 'लघु' गळून नुसतं कथा राहिलं, ते काय उगीच नाही. जी. ए. कुलकर्णींचं रमलखुणा बघ, 1975 चं, अख्ख्या पुस्तकात दोन कथा, तरी त्या कथाच, कादंबऱ्या नाहीत. पानांचा हिशोब नसतोच हा. मधे ना. सी. फडक्यांच्या काळात तंत्राचं फार होतं, सुरुवात अशी, गुंता असा, शेवटी कलाटणी, आणि चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर आले आणि त्यांनी ती चौकट मोडली, पण हे सगळं तुला कॉलेजात सरांनी घोकून घेतलंय, परत नको.

त्यापेक्षा अण्णा भाऊ साठ्यांची स्मशानातील सोनं ही कथा आठव. भीमा खाणीत दगड फोडतो, खाण बंद पडते, घरी जाताना चितेच्या राखेत त्याला सोनं सापडतं, मग तो राखा चाळायला लागतो, पुढे मढी उकरायला. भीमाचं लहानपण त्यात आहे का? लग्न कसं झालं ते? काही नाही. आहे ती एका रात्रीची कोल्ह्यांशी झुंज, आणि प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं. दोन बोटं जातात, आणि त्याच वेळी कळतं की खाण परत सुरू झाली. संपलं. मला नेहमी वाटतं की अण्णा भाऊंनी आख्खा माणूस त्या हातात भरला, पोटापाण्याचा हात तोच आणि गेला तोही तोच. आता गंमत बघ, भीमा का रडतो हे ते शेवटी सरळ लिहून टाकतात, म्हणजे मी तुला पुढे जे सांगणारे त्याच्या बरोब्बर उलट, तरी चालतं, कारण कोल्ह्यांनी तोवर आपल्याला इतकं ओरबाडलेलं असतं की ती ओळ जड वाटतच नाही. तुझ्या कथेत कोल्हे नाहीत, म्हणून तुला ती चैन नाही.

पण तुझ्याकडे पान नऊ आहे! तात्या लग्नात गेले की पंगतीतली डोकी मोजतात, गाडीत बसले की मागं वळून सीटा मोजतात, पस्तीस वर्षांची सवय. आणि काकू, म्हणजे तुझी आई, गेल्यावर रात्री ताटं वाढली की ते तुमची डोकी मोजायचे, एकदा, मग परत एकदा. संज्या, मी तिथं थांबलो, मोबाईल उलटा ठेवला. आणि तू काय केलंस, लगेच पुढे लिहिलंस की तात्यांना आईची फार आठवण येत होती. अरे काढ ते! आम्हाला कळलं ना!

माझं ऐकशील तर संप, लग्न, जन्म सगळं बाजूला ठेव, फाडू नकोस, कधीतरी कादंबरी लिहिशील. कथा सुरू कर त्या ताटांपासून. कंडक्टर होते हे सांगूसुद्धा नकोस लगेच, मोजताना त्यांचं बोट कसं हलतं तेवढं दाखव, वाचणारा ओळखेल. नाही ओळखला तर माझ्यावर खापर फोड. आणि शेवटी त्यांना मारू नकोस, कृपा कर, मरण हा नवशिक्याचा शेवट, मी स्वतः तीन कथांत तीन माणसं मारलीत. लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाच, मिरासदार, शंकर पाटील स्टेजवरून कथा सांगायचे तशी, जिथं आपली आपल्यालाच लाज वाटते तिथं पेन्सिलनं खूण कर.

एक विचारायचं राहिलं, दुसऱ्यांदा मोजताना तात्या काही बोलायचे का, की नुसतेच जेवायला लागायचे? हे तू लिहिलेलं नाहीस आणि मला कालपासून तेच छळतंय.

दिवाळीत येतोय मी. ताट वाढा, तात्यांना म्हणावं एक डोकं जास्त धरा.

तुझा,
पक्या