डिसेंबरातले मतदान दोन ओळींत उरकू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल नोव्हेंबरात लागला की आपल्याकडची वर्तमानपत्रे तो विषय मिटवून टाकतात आणि अध्यक्ष खऱ्या अर्थाने निवडणारे मतदान डिसेंबरात होते, तेव्हा ‘औपचारिकता पूर्ण’ एवढ्या दोन ओळी आतल्या पानात सापडल्या तर सापडतात. त्या सुमारास नागपुरात हिवाळी अधिवेशन असते, सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले असतात आणि पाने मोर्चांनी भरलेली असतात, हे मान्य. तरीही या ‘औपचारिकते’चा तपशील वाचकांपर्यंत पोहोचायला हवा.

नोव्हेंबरात तिथला मतदार तांत्रिकदृष्ट्या आपल्या राज्याचे इलेक्टर, म्हणजे अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, निवडतो. त्यांची एकूण संख्या 538 असून बहुमतासाठी 270 मते लागतात. हे सगळे इलेक्टर कधीही एका छताखाली जमत नाहीत. डिसेंबरातल्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी ते आपापल्या राज्यात, बहुधा राजधानीत, एकत्र येतात आणि अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगवेगळी मतपत्रिका देतात. पूर्वी ही मते वेगळी नव्हती, त्यामुळे 1800 च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार जेफर्सन आणि उपाध्यक्षपदासाठीचे त्यांचेच सहकारी आरॉन बर यांना प्रत्येकी 73 मते पडली व प्रतिनिधीगृहाला (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला) 36 फेऱ्या घेऊन निर्णय करावा लागला. 1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीने तो घोळ संपवला.

मतमोजणी तिथेच होते आणि निकालाच्या प्रमाणपत्राच्या सहा प्रतींवर सर्व इलेक्टर सह्या करतात. गव्हर्नरने इलेक्टरांच्या नेमणुकीचे जे प्रमाणपत्र दिलेले असते ते प्रत्येक प्रतीला जोडून पाकिटे मोहोरबंद केली जातात. एक प्रत सिनेटचे (वरिष्ठ सभागृहाचे) पदसिद्ध अध्यक्ष असलेल्या उपाध्यक्षांकडे जाते, तर उरलेल्या राष्ट्रीय अभिलेखागार, राज्याचे अधिकारी आणि फेडरल न्यायाधीश यांच्याकडे. एखादी गहाळ झाली तरी काम अडू नये, हा त्यातला हेतू. 6 जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संयुक्त बैठकीत हीच पाकिटे उघडली जातात.

या कागदांचे मोल 2020 साली कळले. 14 डिसेंबरला अधिकृत इलेक्टर मतदान करत असताना, बायडेन यांनी जिंकलेल्या सात राज्यांत ट्रम्प यांच्या समर्थकांनी स्वतःलाच इलेक्टर म्हणवून घेत समांतर प्रमाणपत्रे तयार केली. मिशिगनमध्ये तर ते राज्याच्या कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, दारापर्यंत गेले. पोलिसांनी त्यांना आत सोडले नाही. 6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनमध्ये जो हिंसाचार झाला तो याच मोजणीच्या वेळी. पुढे 2022 च्या कायद्याने मोजणीत उपाध्यक्षांना स्वतःचा निर्णय चालवण्याचा अधिकार नसल्याचे स्पष्ट केले आणि पूर्वी दोन्ही सभागृहांतील एकेका सदस्याच्या सहीने एखाद्या राज्याच्या मतांवर घेता येणाऱ्या आक्षेपासाठी प्रत्येक सभागृहातील एक पंचमांश सदस्यांची अट घातली. पक्षाशी बांधील असलेले इलेक्टरही कधी वेगळे मत देतात. 2016 साली अशी सात मते मोजली गेली. मात्र राज्ये त्यांना वचनाशी बांधून ठेवू शकतात, असा निर्वाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या जुलैत दिला.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. राष्ट्रपती निवडताना आमदाराचे मत गुप्त असते आणि त्यावर पक्षादेश चालत नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य, 1971 च्या जनगणनेनुसार, 175 आहे. म्हणजे नागपूर शहरातले सहा आमदार मिळून 1050 मूल्याची मते देतात. विधान परिषदेच्या सदस्यांना हा अधिकार नाही, हे कितीतरी सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. विधानसभेच्या प्रचारात रस्ते, पाणी, सिमेंटीकरण सगळे निघते. आपण निवडलेला माणूस राष्ट्रपतीही निवडणार आहे, हे मात्र एकही उमेदवार बोलून दाखवत नाही.

विद्यमान राष्ट्रपतींचा कार्यकाळ जुलै 2027 पर्यंत आहे. पुढच्या मतदानाआधी, पक्षादेश लागू नसलेले हे मत कोणत्या कसोटीवर देणार, एवढे आपल्या वार्ताहरांनी शहरातील सहाही आमदारांना विचारून त्यांची उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर