अडते ते ना-हरकत प्रमाणपत्रापाशी

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी. अर्धवेळ करण्याची मुभा दिल्याने, शिक्षणशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या माझ्यासारख्या राधानगरी तालुक्यातील शिक्षिकेला समाधान वाटले. मात्र गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे करू, असे ना-हरकत प्रमाणपत्र संस्थेने द्यावे लागते, आणि घोडे तिथेच अडते. माझा अर्ज तीन महिने पडून आहे, चौकशीला गेले तेव्हा त्यावर चहाचा कप ठेवलेला होता (निदान तो टेबलावर तरी होता!). धनगरवाड्यावरून चालत येणारी मुले सहावीतही जोडाक्षरांपाशी का अडखळतात, हा माझा विषय रोज पहिल्या बाकावर बसतो. अशा अर्जांच्या निर्णयाला शिक्षण विभागाने मुदत घालून द्यावी, ही विनंती.

– एक शिक्षिका, जि. कोल्हापूर