प्रोटीन वाढलंय म्हणून बांगडा सोडायचा नसतो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आरोग्याच्या पानावर एका नवीन प्रोटीनची बातमी होती, त्याच्यावरून कॅन्सर ओळखता येईल आणि त्याच्यावरच औषध पण काढता येईल अशी. ती आमच्या वाडीतल्या तिघांनी तरी मला व्हॉट्सॲपवर पाठवली, कारण आमच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे हे सगळ्यांना माहीत. बातमी चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण ती वाचून ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या आमच्या वहिनीनं दुसऱ्या दिवशी जेवताना बांगडा बाजूला सारला आणि डाळ पण नको म्हणाली, का तर तिच्या रिपोर्टमध्ये पण प्रोटीन वाढलेलं आहे. केमोनं आधीच सात किलो उतरलेली बाई! म्हणून लिहायला बसलो.

तिच्या रिपोर्टमधलं प्रोटीन म्हणजे हर-टू. ताटातल्या प्रोटीनशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे सगळ्यांच्याच अंगात थोडं थोडं असतं, पेशीच्या सालीवर बसलेलं, आणि बाहेरून वाढीचा इशारा आला की तो आत पोचवणं हे त्याचं काम. काही जणींच्या गाठीत 17 नंबरच्या क्रोमोसोमवरच्या त्याच्या जीनच्या दोनाच्या जागी ढीगभर कॉप्या होतात, मग पेशीची साल या प्रोटीननं गच्च भरते आणि ती पेशी वाढायची थांबतच नाही. ब्रेस्ट कॅन्सरच्या 100 बायकांमागे साधारण 15 ते 20 जणींचं असं असतं. ते जेवण्याखाण्यातून येत नाही आणि उपास करून जात पण नाही.

रिपोर्ट आला तेव्हा वहिनीनं एकच विचारलं, "ह्या बरा काय वायट, ता आधी सांग." मी गप्प. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की या प्रश्नाचं उत्तर कुठल्या साली विचारता त्याच्यावर आहे. 1987 मध्ये अमेरिकेत डेनिस स्लेमन नावाच्या डॉक्टरनी आणि त्यांच्या टीमनं 189 गाठी तपासून दाखवलं की ज्यांच्यात या जीनच्या कॉप्या वाढलेल्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे तेव्हा ती नुसती वाईट खूण, करण्यासारखं काही नाही. 1998 ला ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध आलं, ते बाहेरून जाऊन बरोबर याच प्रोटीनला चिकटतं, आणि जी खूण होती त्याच्यावरच नेम धरता आला. 2005 ला सुरुवातीच्या स्टेजच्या बायकांना पण त्याचा फायदा दिसला, 2014 ला आपल्या बायोकॉन कंपनीनं तसंच स्वस्तातलं काढलं, 2015 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. वहिनीला सांगितलं, तुझ्या सासूच्या वेळी असतं तर वायट, आता त्यातल्या त्यात बरा. या औषधानं हृदयावर ताण येतो म्हणून दर तीन महिन्यांनी इको करतात, दर तीन आठवड्यांनी एक डोस असं वर्षभर, आणि डोसला मुंबईला जायचं तर तुतारी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच मिळतं त्यामुळे आमच्या घरात कॅलेंडरवर दुधाचे खाडे कमी आणि डोस जास्त लिहिलेले.

तर खूण आणि नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या बातमीत त्या एका वाक्यात कालवल्या होत्या. वहिनीच्याच रिपोर्टमध्ये हर-टूच्या खाली की-67 लिहिलंय, ते पण प्रोटीनच, पेशी किती जोरात वाढतायत ते त्याच्यावरून कळतं, पण त्याच्यावर तिला कुठलं औषध नाही. नवीन सापडलेलं प्रोटीन यातलं कुठलं, आणि ते अजून काचेच्या डिशमध्ये आहे, उंदरात आहे की पेशंटपर्यंत आलंय, एवढं बातमीत पहिल्या चार ओळीत टाकलंत तर खूप बरं होईल. हर-टूला 1987 च्या त्या शोधापासून औषध बाजारात यायला 11 वर्षं लागली होती, आणि लोक मात्र दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याला विचारतात ते प्रोटीनवालं औषध आलं का.

आता खरं दुखणं. नवीन प्रोटीन राहू दे, 1998 पासून ज्याचं औषध आहे त्याची टेस्ट आमच्याकडे नीट होत नाही, आणि ती मशीन नाही म्हणून नाही, बरणीमुळे. वहिनीची बायोप्सी आमच्या इथल्या एका दवाखान्यात झाली, गणपतीच्या दोन दिवस आधी. त्यांच्याकडचं फॉर्मॅलिन (काढलेला तुकडा खराब न होता टिकवणारं औषध) संपलेलं म्हणून गाठीचा तुकडा सलाईनमध्ये टाकला, संध्याकाळी कुठून तरी फॉर्मॅलिन आणून त्यात घातला, आणि मग सुट्ट्या. कुरियरवाला गावाला, लॅब बंद, बरणी सहा दिवस फ्रिजवर पडून. मी स्वतः बघितलीय, चटणीच्या बाटलीएवढी, झाकणाला चिकटपट्टी, नाव बॉलपेननं लिहिलेलं आणि निम्मं पुसलेलं. वीस दिवसांनी रिपोर्ट, तुकडा नीट फिक्स झालेला नाही, हर-टू सांगता येत नाही, परत करा. परत सुई, परत मुंबई, आणि दीड महिना असाच गेला.

नियम तसा साधा आहे. तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहा पट तरी फॉर्मॅलिन, आणि 6 तासांपेक्षा कमी नाही, 72 पेक्षा जास्त नाही. दुसऱ्या वेळी मुंबईच्या डॉक्टर मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं, प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडा, सगळं मिळून बारीक आसाचं जाळं पसरल्यासारखं. ते थ्री प्लस, म्हणजे हर-टू नक्की वाढलेलं. टू प्लस आलं, म्हणजे धड हो नाही आणि नाही पण नाही, तर फिश नावाची आणखी एक टेस्ट, जीनच्या कॉप्या मोजायची (आमच्या भावाला वाटलं माशाची ॲलर्जी बघतायत). पूर्वी झिरो काय आणि वन प्लस काय, दोन्ही निगेटिव्हच, पण 2022 पासून आजार पसरलेल्या वन प्लसवाल्या बायकांना पण एक औषध मिळू शकतं, ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान, ज्याची कस्टम ड्युटी 2024 च्या बजेटमध्ये काढली. म्हणजे आता फिकट रंगाला पण किंमत आहे, आणि तो रंग बरणीतच बिघडला तर पुढचं औषधच चुकतं.

डॉक्टरला शिव्या द्यायला हे लिहिलेलं नाही, तो माणूस एकटा तीन तालुक्यांचं बघतो आणि रात्री दोनला फोन उचलतो. पण फॉर्मॅलिनची बाटली म्हणजे काही एमआरआय मशीन नव्हे. जिल्हा रुग्णालयानं सणाच्या आधी प्रत्येक ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्याला ती पोचवावी, बरणीवर तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता आत टाकला ते लिहायची सक्ती करावी, एवढंच. आणि घरच्यांनी पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि काचा (त्याचे काप लावलेल्या स्लाइड) मागून घ्याव्यात, नुसता कागद घेऊन मुंबईला परेलच्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलात तर परत पाठवतात, आम्ही एकदा तसे परत आलोय, पावसात.

पत्र लांबलं. जागा कमी असेल तर बाकीचं कापा, पण बरणीचं आणि तासांचं तेवढं छापा.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग