श्टुटगार्टहून आईस पत्र

श्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. फोनवर आवाज बसलेला वाटला तो केवळ सर्दीमुळे. स्वेटर अंगात असतो, रात्री वरणभात असतो आणि बारीक दिसलो तो कॅमेऱ्यामुळे, हे बाबांनाही सांग.

इथली एक रीत मात्र सविस्तर सांगायलाच हवी. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आठवड्याच्या पाळीने जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा पदपथ झाडायचा असतो, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर शेजारी पाटी अडकवून जातो. याला केअरवोखे म्हणतात. शहराच्या १४९२ च्या नियमांपासून चालत आलेली ही सक्ती पालिकेने १९८८ मध्ये काढली, तरी भाडेकरारात ती आहेच; चांगले शिकलेसवरलेले लोक शनिवारी बादली घेऊन पायऱ्या पुसतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. माझ्या पाळीला खालच्या आजी कोपरे तपासून गेल्या आणि हे कुणी शिकवले, असे त्यांनी विचारले. ‘आईने’ असे सांगताना जे वाटले ते फोनवर बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तू गल्लीभरच्या साड्यांना फॉल-पिको करायचीस. फॉलची पट्टी आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायचीस, कारण कोरी लावली तर पहिल्या धुण्यात ती आटते आणि काठ आखडतो. गिऱ्हाईक कितीही घाई करो, तू ते कधी टाळले नाहीस. त्याच पैशांतून कराडला माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, आणि रात्री मशीनवर डोळे चोळत बसलेली तू सकाळी माझा डबा भरून तयार असायचीस. स्वतः कमवू लागल्यावर त्या एकेका रुपयामागचे जागरण मला कळते आहे. आई, मी जो कोणी आहे तो तुझ्यामुळे आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे बाबांच्या खात्यात जमा केले आहेत. कर्जाचा हप्ता वेगळा भरला आहे, तेव्हा हे पैसे तिकडे वळवू नकोस आणि ‘उन्हाळ्यात बघू’ असेही म्हणू नकोस. दिवाळीला रजा मिळत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी ताई येऊन राहणार आहे. खरे तर तिथे मी असायला हवे होते. माघात छोटीच्या लग्नाला मात्र नक्की येतो, तिकीट काढले आहे. तिच्या साड्यांचे फॉल बाहेर दे, मशीनवर बसू नकोस. मामांनी पाठवलेले स्थळ पाहिले. मुलीशी मी स्वतः बोलेपर्यंत होकार कळवू नका.

बाबांना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अमोल